सोलापूरच्या उन्हात मिनिएचर ऑर्किड टिकतात का?

शेंगाचटणी
२६ मार्च, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. राहायला जुळे सोलापुरात, तिसरा मजला, बाल्कनी पश्चिमेला. मोगरा, जास्वंद, तुळस हा सगळा सासूबाईंचा कारभार, त्यात त्या कोणाला हात लावू देत नाहीत. म्हणून मी आपलं वेगळं दुकान मांडलं, मिनिएचर ऑर्किडचं. जागा लागत नाही, फूल नखाएवढं पण भिंगातून बघत बसावं इतकं देखणं, एवढ्यावर भुलले.

ऑनलाइन तीन रोपं मागवली. एक छोटं फॅलिनोप्सिस (चिठ्ठीवर 'इक्वेस्ट्रिस हायब्रिड' लिहिलंय), एक टोलुम्निया आणि एक मास्डेव्हालिया. विकणाऱ्यानं तिन्हींखाली एकच मजकूर दिला होता: 'ट्रॉपिकल रोप, घरात ठेवा, आठवड्यातून दोनदा पाणी द्या.' जानेवारीत आली तेव्हा टवटवीत होती. आता फॅलिनोप्सिसची पानं मऊ पडून सुरकुतलीत, टोलुम्नियाच्या पात्यांची टोकं काळी पडलीत, आणि मास्डेव्हालियाचं तर रोज एक पान पिवळं होऊन गळतंय. मॉसवर (रोप ज्यात बसवलंय त्या वाळक्या शेवाळावर) पांढरा थर दिसतो, ती बुरशी आहे का?

रोज दुपारी ऊन चढलं की स्प्रेनं पानांवर पाणी मारते. काहींनी ह्युमिडिफायर (हवा दमट करायचं यंत्र) घ्यायला सांगितलं. घेऊ का? अजून एप्रिल-मे यायचाय, ४२ डिग्रीत ही झाडं जगतात तरी का? नवरा म्हणतो, बोटभर झाडाला हातभर कौतुक.

एक राहिलं. नळाचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ते पिण्यापुरतं. झाडांना सोसायटीच्या बोअरचं, सॉफ्टनरमधून येतं ते.

---

काजूबी
२६ मार्च, रात्री १०:२०

आमच्याकडे रत्नागिरीला आंब्याच्या फांदीवर सुतळीनं बांधलं आणि विसरलो. पावसाळ्यात तर बघायचंसुद्धा नाही. वर्षातून एकदा आपोआप फुलतं. सोलापूर म्हणजे अवघड आहे बुवा. तुम्ही कॅक्टस का नाही लावत?

---

डाईंगमास्तर
२७ मार्च, सकाळी ६:१५

ताई, कॅक्टसवाल्यांचं मनावर घेऊ नका. सोलापुरात ऑर्किड होतात. होटगी रोडला माझ्या घरी जिन्याखालच्या बोळात आहेत आणि फुलतातही. फक्त तुमच्या विकणाऱ्यानं तिघांना एकच लेबल चिकटवलंय, ते सोडून द्या.

मी काही झाडांमधला शिकलेला माणूस नव्हे. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाईंगला होतो. उभी नोकरी पाण्यातले क्षार आणि हवेतला दमटपणा मोजण्यात गेली. रिटायर झाल्यावर हा नाद लागला आणि बघतो तर इथंही तीच दोन मापं.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही 'एक राहिलं' म्हणून शेवटी टाकलीय. तिथनंच सुरू करू.

ऑर्किडच्या मुळावर पांढरट जाड साल असते, तिला व्हेलामेन म्हणतात. ती मेलेल्या पेशींची, आतून पोकळ. पाणी पडलं की क्षणात पिऊन घेते आणि मूळ हिरवं दिसायला लागतं. वाळलं की परत चंदेरी. टर्किश टॉवेलचे लूप हेच काम करतात. आणि तोच टॉवेल बोअरच्या पाण्यात धूत राहिलं की काय होतं, हे सोलापूरच्या बाईला मी सांगायला नको. कडक होतो, पाणी ओढेनासा होतो. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. मुळाचंही तेच होतं. तुमच्या मॉसवरचा पांढरा थर बुरशीचा नसावा, क्षारच असतील. नखानं खरवडून बघा, भुगा पडला की समजा. कुंडीत पाणी असतं, पण क्षार इतके साठलेले असतात की मुळाला ते ओढता येत नाही. मग पान सुरकुततं, टोक जळतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण तेच पाणी अजून ओततो.

आता सॉफ्टनर. डाईंगमध्ये पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम नको असतं, रंग सारखा चढत नाही, शेड डागाळते. सॉफ्टनर ते काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. मिठाची पोती त्याच्यासाठीच लागतात. साबणाला फेस येतो, गिझर टिकतो, पण एकूण क्षार जवळजवळ तेवढेच राहतात. कॅल्शियम झाडाला निदान लागतं तरी, सोडियमचा ऑर्किडला काडीचा उपयोग नाही. म्हणून सॉफ्टनरचं पाणी झाडाला साध्या बोअरपेक्षाही वाईट. तुमच्या सोसायटीत सॉफ्टनरच्या आधी एखादी तोटी असेलच, सासूबाईंच्या मोगऱ्यालाही तिथलंच द्या.

ह्युमिडिफायरच्या आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, तो घ्या. पेनाएवढा येतो, दोन-तीनशे रुपयांत. मिनिएचर ऑर्किडला १०० च्या आतबाहेरचं पाणी उत्तम, २०० च्या वर नकोच. घरच्या आरओचं पाणी चालतं, पण मोजून घ्या, कारण बऱ्याच मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो. आरओच्या टाकाऊ नळीचं पाणी फरशीला. एसीतनं ठिबकणारं पाणी क्षाराच्या दृष्टीनं स्वच्छ असतं, गाळून वापरा. सगळ्यात भारी पावसाचं. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात. पहिल्या सरी गच्ची धुवायला सोडून द्यायच्या, मग झाकणाच्या ड्रममध्ये अंधारात साठवायचं. रोपं बोटभर असल्यामुळं एक ड्रम बराच काळ पुरतो. मोठी ऑर्किड असती तर हे परवडलं नसतं, मिनिएचरचा हाच फायदा.

आणि पाणी कुठलंही असो, दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून थेट आलेलं देऊ नका. मे महिन्यात त्यानं हात भाजतो, मुळाचं काय होईल?

आता हवा. ४२ डिग्रीला सगळे भितात, पण नुसत्या आकड्यानं ही रोपं लगेच मरत नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडं हवेत दमटपणा २० टक्क्यांच्या आसपास उतरतो, मारतो तो. विव्हिंग शेडमध्ये हवा एवढी कोरडी झाली तर ताण्याचे धागे तटातट तुटतात, म्हणून तिथं ७०-८० टक्के दमटपणा धरून ठेवावा लागतो. ऑर्किडला ६० मिळाला तरी ते खुश. अख्खं घर दमट करायला जाऊ नका, कपाटं फुगतील. एक कोपरा करा.

माझा कोपरा असा. जुना दोन फुटी फिश टँक. तळाला धुतलेली बारीक खडी, खडीच्या वर येणार नाही एवढंच आरओचं पाणी (उघडं पाणी ठेवलं की डास झालेच). वर प्लास्टिकची जाळी, जाळीवर रोपं. झाकणाची काच चार बोटं सरकवलेली. मागच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, जुन्या राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर, दिवसरात्र. तो पंखा चैन म्हणून नाही. दमट हवा हलली नाही तर रोप कुजतं. वर पांढरी एलईडी ट्यूब, वीतभर उंचीवर, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. टँकवर ऊन अजिबात पडता कामा नये, काचेत कोंडलेलं ऊन तासाभरात रोप शिजवतं. तुमच्या पश्चिमेच्या बाल्कनीत तर नकोच, तिथली भिंत रात्री दहापर्यंत धग सोडत असते. बाल्कनीत ठेवायचंच असेल तर ७५ टक्क्यांची शेडनेट लावा आणि उन्हाळाभर रोपं आत घ्या.

कूलर असेल तर त्याच खोलीत हे सगळं मांडा. कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, हे आपल्या गावाचं भाग्य. बाहेर ४२ असताना आत ३० पर्यंत आणतो आणि दमटपणाही देतो. फक्त झोत थेट रोपावर नको, आणि कूलरच्या टाकीतलं पाणी झाडाला कधीच नको. दिवसभर पाणी उडतं आणि क्षार टाकीत आटत जातात. बॉयलरचं पाणी आम्ही याच कारणासाठी ठराविक वेळानं सोडून द्यायचो. कूलरच्या गवतावर जे पांढरं जमतं ते बघा, तेच तुमच्या मुळावर आहे. ह्युमिडिफायर घेतलाच तर त्यातही आरओचंच पाणी घाला, नाहीतर टीव्हीपासून पानापर्यंत सगळीकडं पांढरी पूड बसेल.

दुपारचं फवारणं बंद करा. पाच मिनिटांत सुकतं आणि क्षाराचे ठिपके ठेवून जातं. दुसरं असं की फॅलिनोप्सिससारखी जाड पानांची बरीच ऑर्किड दिवसा पर्णरंध्रं मिटून बसतात आणि रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन ठेवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा, असा त्यांचा हिशोब. म्हणजे रंध्रं उघडतात तेव्हा, रात्री, हवा दमट हवी. उन्हाळ्यात मी सूर्य कलल्यावर मुळांना पाणी देतो आणि जमिनीवर शिंपडतो.

रोपांकडं या आता.

फॅलिनोप्सिस वाचेल. इक्वेस्ट्रिस मूळचं फिलिपिन्स-तैवानकडचं, उष्ण हवेतलं. आज कुंडीतनं काढा, मॉस फेकून द्या. मुळं दाबून बघा, घट्ट ती ठेवा, पिचपिचीत पोकळ ती कात्रीनं काढा. नवीन मॉस आरओत भिजवून, पिळून, सैल भरा. सुरकुतलेलं जुनं पान पूर्ण सपाट होणार नाही, त्याच्याकडं बघत बसू नका. नव्या मुळाचं हिरवं टोक दिसलं की काम झालं.

टोलुम्निया कॅरिबियन बेटांवरचं, बारीक काटक्यांवर वाढणारं. त्याला मॉस आवडतच नाही. भिजावं आणि काही तासांत खडखडीत वाळावं, अशी त्याची तऱ्हा. मॉसमधून काढून आंब्याच्या वाळक्या फांदीला नायलॉनच्या दोऱ्यानं बांधा किंवा छोट्या कुंडीत नुसते कोळशाचे तुकडे भरून बसवा. उजेड भरपूर. रोज पाणी दिलं तरी चालतं, कारण सोलापुरात वाळण्याची काळजी नाही. रत्नागिरीकरांना हे जमायचं नाही, बघा.

मास्डेव्हालियाचं खरं सांगू का, सोडून द्या. बहुतेक मास्डेव्हालिया अँडीज पर्वतातल्या ढगांतल्या जंगलातलं, पेरू-इक्वेडोरकडचं. रात्री १०-१५ डिग्री लागतात. वर त्याला पाणी साठवायला कंद नाही, पान गळालं की शिल्लक काही राहत नाही. मे महिन्यात आपल्या रात्री २५ च्या आसपासच असतात. ट्रॉपिकल आहेच ते, पण डोंगरावरचं. ड्रॅक्युला, लेपँथेस ही नावं दिसली तरी हात आखडा. परदेशात लोक यांच्यासाठी फ्रिजसारखी गार कपाटं करतात, तेवढं वीजबिल भरायचं असेल तर गोष्ट वेगळी. उटी-कोडाईकडं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना देऊन टाका.

त्याच्या जागी डेंड्रोबियम जेनकिन्सिआय आणा. आपल्या ईशान्य भारतातलं, म्यानमार-थायलंडकडंही आहे. बोराएवढे चपटे कंद, प्रत्येकाला एकच जाड पान, आणि वसंतात कंदापेक्षा मोठं सोनेरी फूल. त्याला हिवाळ्यात कोरडं आणि रात्री गार लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी जवळजवळ बंद, कंद फारच आक्रसले तर थोडं. हे हवामान सोलापूर फुकट देतं.

आता माझी खास गोष्ट. संक्रांतीची सुगडं. आमच्याकडं वाण देऊन उरलेली पडून होती. ऑर्किडवाले परदेशात भाजक्या मातीच्या नळकांड्यात पाणी भरून बाहेरून रोप बांधतात, पाणी मातीतून पाझरतं आणि मुळं त्याला चिकटून वाढतात. मग आपली सुगडं काय वाईट? रात्रभर भिजवायचं, बाहेरून मॉसचा अगदी पातळ थर, त्यावर रोप, दोरा गुंडाळायचा. आत आरओचं पाणी. उन्हाळ्यात बाष्पीभवनानं सुगड गार राहतं, हात लावला की कळतं. मुळं मातीवर पसरतात, अशी घट्ट की सोडवता येत नाहीत. छोट्या फॅलिनोप्सिसला हे फार मानवतं. टोलुम्नियाला नको. जेनकिन्सिआयला उन्हाळा-पावसाळ्यात भरायचं आणि थंडीत रिकामं ठेवायचं. बोअरचं पाणी यात घातलं तर मात्र सुगडावर क्षार फुटून वर येतात आणि पाझर बंद पडतो. तसं झालंच तर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ब्रशनं घासायचं आणि चांगलं धुवायचं, अर्थात रोप नसताना.

खताचं थोडक्यात. १९:१९:१९ कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, लिटरला अर्धा ग्रॅमच्या वर जाऊ नका. आरओच्या पाण्यात कॅल्शियम नसतं, म्हणून एका आठवड्याला १९:१९:१९ आणि पुढच्याला कॅल्शियम नायट्रेट, तेवढंच. द्राक्ष-डाळिंबवाल्यांमुळं तेही इथं सहज मिळतं. दोन्ही एका बाटलीत घट्ट कालवू नका, तळाला साका बसतो. थंडीत खत बंद.

फार लिहिलं. चहा गार झाला.

---

शेंगाचटणी
२८ मार्च, रात्री ८:४०

मास्तर, काय बोलू! मीटर आणला आणि घरभर मोजत सुटले. बोअर ११४०. सॉफ्टनरनंतर ११५०. आरओ ६५. कूलरच्या टाकीत २३८०! नवऱ्यानं स्वतः दोनदा बुडवून बघितलं आणि मग गुपचूप कूलरची टाकी धुवून काढली.

फॅलिनोप्सिस काढलं. निम्मी मुळं पोकळ निघाली, वरची चार घट्ट आहेत. टोलुम्निया कोळशात बसवलं. मास्डेव्हालियाचं एक पान उरलंय, ते काही माझ्यानं टाकवेना, राहू दे.

पांढरा थर नखानं भुगा झाला. बुरशीचं औषध मागवणार होते, ते वाचलं.

---

आमरीवेडी
२९ मार्च, दुपारी १:०५

मास्तर, पाण्याचं सगळं मान्य. संध्याकाळी पाणी देण्याचं मात्र पटलं नाही. फॅलिनोप्सिसच्या पानांची मध्यभागी वाटी होते, त्यात रात्रभर पाणी राहिलं की शेंडा सडतो आणि या रोपाला शेंडा एकच असतो. तो गेला की रोप गेलं. मी कोथरूडला बरीच वर्षं वाढवतेय, सकाळी आठच्या आत पाणी, हा माझा नियम. नवीन माणसाला संध्याकाळचं सांगू नये.

दुसरं, कूलरच्या खोलीत ठेवलेल्या फॅलिनोप्सिसच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. गरम-गार असं सारखं बदलत राहिलं की हे होतंच.

आणि शेंगाचटणी, पानांच्या खाली बघत जा. कोरड्या गरम हवेत लाल कोळी येतो. पान फिकट, बारीक टिपके टिपके दिसतं आणि पांढऱ्या रुमालानं पुसलं तर रुमालावर तांबूस रेघ येते. आधी साध्या पाण्यानं दोन्ही बाजू धुवायच्या, दर चार दिवसांनी, उठसूट औषध मारू नये. पानांच्या बेचक्यात कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीनं टिपून काढा.

---

डाईंगमास्तर
२९ मार्च, संध्याकाळी ७:३०

ताई, कळ्यांचं तुमचं बरोबर. कळी धरली की मी रोप कूलरच्या खोलीतून टँकमध्ये हलवतो.

पण पाण्याच्या वेळेचं कोथरूडचं घड्याळ इथं चालत नाही. मे महिन्यात संध्याकाळी सातला आमच्या गच्चीची फरशी पायाला चटका देते. पानावर पडलेलं पाणी वीस मिनिटं टिकत नाही. सकाळी आठला पाणी दिलं तर दहाला मूळ चंदेरी, आणि मग रंध्रं उघडायच्या वेळी, रात्री, कोरडा ठणठणीत कारभार. शिवाय मी मुळांना म्हटलंय, शेंड्यात ओता म्हटलेलं नाही. शेंड्यात चुकून गेलंच तर टिश्यूचं टोक पिळून आत धरायचं, ओढून घेतं.

मृग लागला, आभाळ भरून राहिलं, की मीही सकाळीच देतो. ऑगस्ट-सप्टेंबरात तुमचा नियम शंभर टक्के. फॅलिनोप्सिस जाळीवर थोडं तिरकं ठेवलं तर हा वादच मिटतो. जंगलात ते झाडाच्या बुंध्याला बाजूनं लोंबतच वाढतं, वाटीत पाणी राहतच नाही.

---

आमरीवेडी
२९ मार्च, रात्री ९:१५

तिरकं ठेवण्याचं मान्य. एप्रिल-मेपुरतं संध्याकाळचंही मान्य, तेही फक्त सोलापूरला! आणि टँकचा पंखा इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेल्यावर बंद टँक आणि बंद पंखा, रोप कुजायला एवढं पुरतं.

---

सह्याद्रीभटक्या
३० मार्च, सकाळी ११:४०

मिनिएचरची एवढी चर्चा चाललीय म्हणून. आपल्या पश्चिम घाटातही बोटभर आमऱ्या, म्हणजे देशी ऑर्किड, आहेत. डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन, पॉरपॅक्स, ओबेरोनिया. पॉरपॅक्सचे तर शर्टाच्या बटणाएवढे चपटे कंद खोडाला चिकटलेले असतात, पाऊस नसेल तेव्हा शेजारून गेलात तरी दिसत नाहीत. पण बघायच्या त्या तिथंच. दर पावसाळ्यात आंबोलीकडून येताना लोक फांदीसकट पिशवीत भरून आणतात. घाटातलं धुकं पिशवीतून येत नाही, दिवाळीपर्यंत सगळं वाळून जातं.

कायद्याचंही बघा. ब्लू व्हँडा, रेड व्हँडा आणि लेडीज स्लिपर या ऑर्किडना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि देशाबाहेरून कुठलंही ऑर्किड आणायचं तर साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीमुळे कागदपत्रं लागतात. ऑनलाइन घेताना रोप प्रयोगशाळेत किंवा नर्सरीत वाढवलेलं आहे का, ते विचारा. मुळं ताजी तुटलेली, सालीचा तुकडा चिकटलेला आणि पानं कीड खाल्लेली असतील तर ते बहुतेक जंगलातून ओरबाडलेलं असतं.

सोलापूरच्या हवेत विनातक्रार वाढणारी देशी आमरी हवी असेल तर व्हँडा टेसेलाटा, म्हणजे रास्ना. पठारावर कोरड्या भागात जुन्या आंब्यांवर आढळते. मिनिएचर नाही, फूटभर होते, पण फुलाला वास आहे.

---

शेंगाचटणी
३१ मार्च, रात्री १०:०५

रास्ना लिहून ठेवली. टँक मिळाला, भावाच्या माळ्यावर पडून होता, एका कोपऱ्यात तडा आहे पण पाणी बोटभरच ठेवायचंय. पंखा आज लावला. आत दमटपणा ६८ टक्के, बाहेर हॉलमध्ये २४!

मास्तर, आता मार्चअखेर सुगडं कुठं मिळणार? मंगळवार बाजारात विचारलं तर माठ आणि रांजणच दाखवतात. चहाचे कुल्हड चालतील का?

---

डाईंगमास्तर
१ एप्रिल, सकाळी ६:००

कुल्हड चालतील, भाजणी बघून घ्या. काही आतून चकचकीत केलेले असतात, ते पाझरत नाहीत. नाहीतर थोडं थांबा, अक्षय्य तृतीयेला पूजेची छोटी मडकी विकायला येतात, ती सुगडापेक्षा बरी, तोंड लहान असल्यामुळं पाणी जास्त टिकतं. रंग, वॉर्निश, चमकी लावलेलं काही घेऊ नका.

घरी आणलं की पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवायचं. तासाभरात बाहेरून सगळीकडं ओलसर गडद झालं तर उत्तम. कागदावर डबकं झालं तर भाजणी कच्ची, ते चिमण्यांना पाणी ठेवायला. संध्याकाळपर्यंत कोरडंच राहिलं तर त्यात मीठ ठेवा.

टँकला तडा असेल तर आतून सिलिकॉन मारून दोन दिवस वास जाऊ द्या, मगच रोपं आत.

आणि मडकी घेताना ऑर्किडसाठी पाहिजेत असं सांगू नका, भाव दुप्पट होतो.